गंगाजमुनेतली ‘स्वखुशी’

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गंगाजमुना वस्तीकडे जाणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी पोलिसांनी बॅरिकेड उभे केले. एकीकडे इतवारीचा ठोक बाजार, दुसरीकडे लकडगंजच्या लाकडाच्या वखारी आणि त्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही देहविक्रीची वस्ती. भोसल्यांच्या काळापासून ती इथे आहे, असं जुने नागपूरकर सांगत आले आहेत. तत्कालीन पोलिस आयुक्त अमितेश कुमार यांनी अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ चा आधार घेऊन इथे देहविक्रीला मनाई केली, जोडीला जमावबंदी लावली. सांगितलेली कारणं हवेतली नव्हती. आजूबाजूला देवळं आहेत, शाळा आहेत, इथल्या छाप्यांत अल्पवयीन मुली सापडलेल्या आहेत. १५ ऑगस्टला ज्वाला धोटे यांच्यासोबत वस्तीतल्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी बॅरिकेड बाजूला सारले. ज्वाला या विदर्भवीर जांबुवंतराव धोटे यांच्या कन्या. दुसऱ्या बाजूने आसपासचे रहिवासीही आवाज उठवत होते. वस्ती कायमची उठावी, ही त्यांची मागणी.

त्या दिवसांत शहरात तर्री-पोह्याच्या ठेल्यापासून कोर्टाच्या आवारापर्यंत दोन वाक्यं फिरत होती. ‘बिचाऱ्यांना फसवून आणलंय, सोडवा त्यांना.’ आणि ‘कष्ट नकोत यांना, सोपा पैसा पाहिजे.’ एकमेकांच्या विरुद्ध वाटणाऱ्या या वाक्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे बाईला काही विचारावं लागत नाही. पहिल्या वाक्यात तिला अक्कल नाही, दुसऱ्यात तिला अब्रू नाही.

बाई ‘लाईनमध्ये’ येते ती नेमकी कशी, आणि आल्यावर तिच्या ‘हो’ला काही किंमत आहे की नाही, हा प्रश्न मात्र त्या महिन्यात बाजूलाच पडला.

सुरुवात जिथे वाद नाही तिथून केलेली बरी. अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत ‘संमती’ हा शब्दच लागू होत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात तिच्या संमतीला जागाच नाही. निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये भारतीय दंडविधानाचं कलम ३७० बदललं, तेव्हा त्यात हेही लिहिलं गेलं की बळजबरीने, फसवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणूस आणला असेल, तर त्याची संमती होती की नव्हती हे पाहण्याचं कारण नाही. मुलीला आणणारा दलाल, ठेवून घेणारी घरवाली, खोलीचं भाडं खाणारा मालक आणि तिच्याकडे जाणारं गिऱ्हाईक, या सगळ्यांची जागा तुरुंगात आहे. गंगाजमुनेवरच्या ज्या कारवाईत अशी एक जरी मुलगी सुटली असेल, ती कारवाई त्या मुलीपुरती शंभर टक्के योग्य होती. इथे ‘पण’ लावायला जागा नाही.

अडचण पुढे येते. मुलगी मोठी होते.

चौदाव्या वर्षी आणलेली पोर दहा वर्षांनी चोवीस वर्षांची बाई असते. तिचं लेकरू कुठल्या तरी वसतिगृहात शिकत असतं. गावात ती ‘कंपनीत कामाला’ असते. धाकट्या बहिणीचं लग्न तिच्याच पैशांत झालेलं असतं. घरवालीच्या वहीतलं तिच्या नावावरचं कर्ज कधीतरी फिटलेलं असतं आणि आता कमाईतला निम्माअधिक हिस्सा तिच्या हातात येत असतो. अशा वेळी छाप्यात आलेली महिला शिपाई विचारते, ‘स्वखुशीनं करतेस का?’ ती म्हणते, ‘हो.’ ती खोटं बोलत नाही. तिचं येणं सक्तीचं होतं. राहणं तिने ठरवलेलं आहे, आणि ठरवताना तिच्यासमोर दुसरी धड वाट नव्हती. ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. पंचनाम्याच्या कागदावर यातलं काहीच मावत नाही, तिथे एक तर ‘पीडिता’ असते किंवा ‘स्वखुशीने’.

याहून अवघड गाठ गंगाजमुनेतल्या दुसऱ्या बायकांची आहे. इथल्या बऱ्याच जणी मध्य प्रदेशातून, राजस्थानातून आलेल्या, बेडिया, कंजर, नट अशा समाजांतल्या. नाचगाण्यावर, कसरतींवर, राजेरजवाड्यांच्या आणि जमीनदारांच्या आश्रयावर जगलेले हे समाज. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. आश्रय गेला, जमीन कधी नव्हतीच, आणि घरातल्या मुलीची कमाई हा कुटुंबाचा आधार होऊन बसला. समाजशास्त्रज्ञ अनुजा अग्रवाल यांनी बेडिया समाजाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या पुस्तकातलं चित्र अस्वस्थ करतं. घरात लग्न होऊन आलेली सून डोक्यावरचा पदर ढळू न देता चूल सांभाळते आणि त्याच घरची लेक धंदा करते. भाऊ, भावजया, त्यांची पोरं या सगळ्यांच्या ताटातली भाकरी बहिणीच्या कमाईची.

या घरातल्या पोरीला कुणी पळवून नेत नाही. कोंडत नाही, बऱ्याचदा मारतही नाही. तिने आत्याला पाहिलेलं असतं, थोरल्या बहिणीला पाहिलेलं असतं. आत्याच घरात मानाची असते, कारण पैसा तिचा. पोर वयात येते तेव्हा तिला नवे कपडे मिळतात, लाड होतात. तिने ‘नाही’ म्हणायचं तर ते कुणाला? दलालाला नव्हे, आजीला. गुंडाला नव्हे, ज्या भावाच्या फीचे पैसे तिच्याकडून अपेक्षित आहेत त्या भावाला. ही मर्जी म्हणायची की मजबुरी? पाळण्यात असतानाच जे ठरलं, त्याला मर्जी म्हणता येणार नाही. पण म्हणून तिशीतल्या बाईला सरकारने हाताला धरून चार भिंतींत डांबावं, हेही त्यातून निघत नाही.

मुंबई उच्च न्यायालयासमोर अगदी हाच पेच आला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून पोलिसांनी तीन तरुणींना ताब्यात घेतलं. तिघीही विशीतल्या, सज्ञान. दंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली. मुली बेडिया समाजाच्या आहेत, त्या समाजात वयात आलेल्या मुलीला या व्यवसायात पाठवण्याची रीत आहे, म्हणून त्यांना त्यांच्या आयांकडे सोपवणं योग्य नाही, असं त्यांचं मत झालं. आदेश निघाला की तिघींना वर्षभर उत्तर प्रदेशातल्या महिला वसतिगृहात ठेवावं, तिथे काही व्यवसाय शिकवावा. सत्र न्यायालयाने तो कायम केला. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी हे आदेश रद्द केले. देहविक्री हा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा नाही, या स्त्रिया सज्ञान आहेत, त्यांना कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, असं त्यांनी स्पष्टपणे नोंदवलं. निकाल हाती आला तोवर ताब्यात घेतल्याला वर्ष उलटलं होतं.

दंडाधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जातीच्या रिवाजाचा फास त्यांना दिसला होता, आणि तो खराच आहे. पण उपाय काय निघाला? रिवाज चालवणारं घर, त्या कमाईवर शिकणारे-खाणारे पुरुष, पैसे मोजणारे गिऱ्हाईक, सगळे आपापल्या जागी राहिले. वर्षभर अडकून पडल्या त्या तिघी.

हा दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नाही, तो कायद्यातच आहे. १९५६ चा हा कायदा १९७८ आणि १९८६ मध्ये सुधारला गेला, तरी त्याची नजर जुनीच राहिली. कलम १७ खाली छाप्यात सापडलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. मग तिचं वय, चारित्र्य, पूर्वेतिहास यांची चौकशी होते, आणि तिला ताब्यात घ्यायला तिचे आईवडील, पालक किंवा नवरा योग्य आहेत का, हे पाहिलं जातं. अठरा वर्षांची असो की अडतीसची, चौकशीची तऱ्हा एकच. त्यानंतर तिला एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. जिच्या मुलाला मिसरूड फुटलंय अशा बाईला ‘हिला कुणाच्या ताब्यात द्यावं’ असं विचारणारा कायदा तिच्या मर्जीबद्दल काय ठरवणार?

आता त्या बायकांकडे वळू, ज्या विकल्या गेल्या नव्हत्या आणि ज्यांच्या जातीत हा रिवाजही नव्हता. पुणे विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक रोहिणी सहानी आणि त्यांचे सहकारी व्ही. कल्याण शंकर यांनी देशातल्या १४ राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात ३,००० स्त्रियांशी बोलून २०११ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे ७० टक्के जणींनी आपण आपल्या मनाने आलो असं सांगितलं. एवढाच आकडा उचलून नाचणारे पुष्कळ भेटतात. त्या पाहणीतलं खरं मोलाचं पान पुढे आहे. जवळपास निम्म्या बायका आधी दुसरीकडे राबत होत्या. शेतमजुरी, धुणीभांडी, बांधकामावर विटा वाहणं, कारखान्यातलं रोजंदारीचं काम. त्या कामांत महिन्याला मिळत होते साधारणपणे पाचशे ते हजार रुपये, आणि या धंद्यात हजार ते तीन हजार. पोरं लहान, नवरा दारुडा किंवा गेलेला, अशा घरात या दोन रकमांमधल्या फरकावर महिन्याचा किराणा, दवाखाना आणि शाळा उभी असते.

हे जवळून पाहायचं तर एक बाई डोळ्यांसमोर आणू. समजा, वर्ध्याकडच्या एखाद्या गावातली, नवऱ्याने टाकलेली. माहेरी भावजयीचं तोंड वाकडं. दिवाळीनंतर ती कापूस वेचायला जाते. पहाटेच्या दवात बोंडं ओली असतात, कमरेला ओटी बांधलेली, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा चिरलेल्या. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोच्या हिशेबाने पैसे मिळतात. हंगाम संपला की मजुरीही संपते. मग ती नागपुरात बांधकामावर येते, मुकादमाच्या ओळखीने. मुकादम पहिल्या आठवड्यात हजेरी देतो, दुसऱ्या आठवड्यात हात धरतो. ती काम बदलते, तिथेही तेच. एक दिवस सोबतची बाई म्हणते, फुकटात हात लावून घेतेस, त्यापेक्षा पैसे घे. हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत या धंद्यातल्या असंख्य बायकांच्या आठवणीत आहे. ती येते ती त्या वाक्याचा हिशेब करून. तिला कुणी फसवलेलं नाही, आणि तिला हे आवडतंय असंही नाही. बाकीच्या सगळ्या कामांनी तिला काय दिलं होतं, ते तिला नीट ठाऊक आहे.

बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’वर उचल घ्यायची, सहा महिने फडात राहायचं, खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत खाडा नको आणि दुखणं नको म्हणून तरुण बायका गर्भाशय काढून टाकतात. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. शरीराचा एक अवयव देऊन रोजगार टिकवणारी ही बाई ‘स्वखुशीने’ फडात जाते का, असं तिला कुणी पोलिसाने विचारलेलं नाही. तिला ‘सोडवण्यासाठी’ उसाचे फड सील करा असंही कुणी म्हणालं नाही. तिच्या बाबतीत मागण्या झाल्या त्या साध्या होत्या: मजुरी वाढवा, महामंडळ करा, डॉक्टरांवर लक्ष ठेवा, पोरांसाठी वसतिगृहं काढा.

ही तुलना ताणायची नाही. फड आणि कोठा एक नव्हेत. देहविक्रीत बाईला बंद खोलीत अनोळखी पुरुषासोबत एकटं राहावं लागतं, मारहाण आणि आजार हे रोजचे धोके असतात, आणि कपाळावरचा डाग मेल्यावरही जात नाही. म्हणूनच हे काम इतर कामांसारखंच एक, असं म्हणणं फार घाईचं आहे. पण मजबुरीतून निवडलेल्या कामात बाईचं म्हणणं ऐकायचं की नाही, या एका बाबतीत दोघींना वेगळा न्याय लावायला कोणतंही कारण सापडत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो महाराष्ट्रातच, फार मोठ्या माणसाने मांडलेला आहे. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यात राहणाऱ्या स्त्रियांपुढे भाषण केलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. हे जिणं समाजाला लाज आणणारं आहे, ते सोडा. पोट कसं भरायचं ते विचाराल, तर मार्ग शेकडो आहेत, पण हे सोडलंच पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. जातीने लादलेल्या देहविक्रीला ‘निवड’ म्हणणं म्हणजे जातीलाच मान्यता देणं, हे त्यामागचं कळकळीचं तर्कशास्त्र. बेडियांच्या बाबतीत ते आजही शब्दशः लागू पडतं.

पण बाबासाहेब हे कुणाला सांगत होते? ज्या समाजाला ते स्वतः उभं करत होते, त्यातल्या स्त्रियांना. वसतिगृहं, शाळा, परिषदा, नोकऱ्यांतला हक्क यांसाठीचा लढा त्याच वेळी चालू होता. ज्या नागपुरात वीस वर्षांनी दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले, त्या नागपूरला वेगळं सांगायला नको की ‘सोड’ म्हणणाऱ्याच्या मागे ‘इकडे ये’ म्हणणारा समाज असावा लागतो. गंगाजमुनेच्या तोंडाशी उभ्या केलेल्या बॅरिकेडने ‘सोड’ एवढंच सांगितलं.

‘सोडवण्याचा’ अनुभव महाराष्ट्रात नवा नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वस्त्यांवर मोठे छापे पडले, चारशेहून अधिक मुली आणि बायका ताब्यात घेतल्या गेल्या, त्यात नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांना ठेवायचं कुठे आणि पाठवायचं कुठे, याचं उत्तर महिनोन्‌महिने सापडत नव्हतं. सांगलीत १९९६ पासून धंदा करणाऱ्या बायकांचीच संघटना आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिच्या पाठीशी असलेल्या ‘संग्राम’ संस्थेने छाप्यांत उचललेल्या २४३ बायकांचा मागोवा घेतला, तेव्हा १९३ जणींनी आपण मर्जीने काम करत होतो, आम्हाला सोडवायची गरज नव्हती, असं सांगितलं. ही पाहणी या बायकांच्या बाजूच्या संस्थेची आहे, हे ध्यानात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. छापा, सुधारगृह, वकिलाची फी, फी भागवायला घरवालीकडून नवं कर्ज, आणि कर्ज फेडायला पुन्हा तीच खोली. सुटकेचा रस्ता असा फिरून तिथेच येतो, आणि दरवेळी बाई आधीपेक्षा जास्त बांधली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या चाकाला थोडा खोडा घातला. त्या दिवशी ‘देहविक्रीला व्यवसायाची मान्यता’ अशा बातम्या झळकल्या. आदेशाचा गाभा वेगळा होता. व्यवसाय कोणताही असो, घटनेच्या २१ व्या कलमाखाली प्रत्येकाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, एवढं न्यायालयाने ठामपणे सांगितलं. अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या या बायकांना इतर कुठल्याही पीडितेसारखीच मदत द्यावी, सुधारगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा घेऊन त्यांना सोडावं, कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, पत्त्याच्या पुराव्याअभावी आधार कार्ड अडवू नये, हे त्यातले निर्देश. कंडोमचा मुद्दा बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. एका सरकारी खात्याचा कार्यक्रम वस्तीत येऊन पिशवीभर कंडोम वाटतो आणि दुसऱ्या खात्याचा माणूस तीच पिशवी जप्त करून पंचनाम्यात लिहितो, हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

सरकारला या बायका दिसल्या त्या कोरोनाच्या टाळेबंदीत. गिऱ्हाईक बंद, खोलीभाडं चालू. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखपत्राचा आग्रह न धरता रेशन देण्यास सांगितलं. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. ३२ जिल्ह्यांतल्या सुमारे ३१ हजार बायकांसाठी ही मदत होती. त्याच ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आपल्या सल्लापत्रात त्यांना असंघटित कामगारांमध्ये धरलं, त्यावर काही संघटनांनी आक्षेप घेतला आणि आयोगाने तो मजकूर बदलून मदत माणुसकीच्या आधारावर द्यावी असं केलं. वर्षातला सगळ्यात उपयोगी निर्णय मात्र त्या ५,००० रुपयांचा होता. ‘स्वखुशीने आलीस का’ हे न विचारता दिलेले पैसे होते ते. महिनाभराचा किराणा घरात असला की बाई त्या महिन्यात गिऱ्हाईकाला नाही म्हणू शकते.

तिची मर्जी मोजायची असेल तर मापपट्टी ही आहे. ती आली कशी, याच्या चौकशीत वर्षं घालवण्यापेक्षा आज ती कशाकशाला नाही म्हणू शकते, हे पाहावं. दारू पिऊन आलेल्याला, कंडोम नको म्हणणाऱ्याला ती परतवू शकते का? घरवालीकडे हिशेब मागू शकते का? ठाण्यात जाऊन मारहाणीची तक्रार नोंदवू शकते का? आणि उद्या सकाळी पिशवी उचलून निघाली तर तिला खोली भाड्याने देणारं कुणी आहे का? गल्ली सील केल्याने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’कडे सरकत नाही. बाई शहराच्या कडेच्या एखाद्या फ्लॅटमध्ये जाते, गिऱ्हाईक फोनवर ठरतं, दलालाचा वाटा वाढतो आणि शेजारच्या खोलीतून धावून येणारी मैत्रीण उरत नाही.

आसपासच्या रहिवाशांची तक्रारही झटकून टाकायची नाही. पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, कॉलेजातून परतणाऱ्या मुलींना गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले पुरुष नको ते बोलतात. हा त्रास खरा आहे, आणि तो देणारे पुरुष आहेत. त्यांना आवरायला कायद्यात पुरेशी कलमं आहेत.

मुलांचं तर वेगळंच. नागपुरात रामभाऊ इंगोले यांच्या आम्रपाली उत्कर्ष संघाने विमलाश्रमातून या बायकांच्या मुलांना गेली तीन दशकं घर दिलं, शाळेत घातलं. जातीचा किंवा गल्लीचा वारसा तुटतो तो असा, एकेका पोरीच्या दप्तरापासून. पण कायदा तिथेही आडवा येतो. त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम ४ म्हणतं, अठरा वर्षांवरची जी व्यक्ती जाणूनबुजून दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगते, तिला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलम दलालासाठी लिहिलं गेलं. पण आईच्या पैशांवर आयटीआयला किंवा नर्सिंगला शिकणारी तिची लेक अठराव्या वाढदिवसाला त्याच वाक्यात येऊन बसते. हे कलम दलालापुरतं आवळून घेण्याची दुरुस्ती संसदेला एका दिवसात करता येईल.

नागपूरला मात्र दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. २०२१ च्या कारवाईनंतर गंगाजमुनेतल्या किती खोल्यांना कुलूप लागलं, हे पोलिस ठाण्याच्या नोंदीत असणार. त्या खोल्यांतल्या किती बायकांना त्यानंतर रेशन कार्ड मिळालं, किती जणींना महापालिकेने किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाने भाड्याची का होईना एक खोली आणि महिन्याचं काम दिलं, सुधारगृहात नेलेल्यांपैकी किती जणी आज कुठे आहेत, हे आकडे त्याच नोंदीशेजारी मांडून दाखवावेत. आणि ते मांडताना वस्तीतल्या दोन-चार बायकांना टेबलाच्या या बाजूला, खुर्चीवर बसवावं.